आपोआप चालणारं हार्वेस्टर आणि शेताच्या टोकाचं वळण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सरळ रेषेत तर मशीन आपोआप जातंच की, मग अडतं कुठे?

वळणात. सरळ पट्टा कापत जाणं हा प्रश्न आता बऱ्यापैकी सुटलाय, चांगला सिग्नल असेल तर मशीन दोन-तीन सेंटीमीटरच्या फरकाने रेषा धरतं आणि ड्रायव्हर हात मांडीवर ठेवून बसतो. पण पट्टा संपला की सगळंच एकदम बदलतं, हेडर (पुढचा पीक कापणारा रुंद भाग) उचलायचं, स्पीड कमी करायचा, स्टिअरिंग जवळजवळ शेवटपर्यंत फिरवायचं, तिथली जमीन आधीच्या फेऱ्यांनी तुडवलेली, चाकं बाजूला घसरतायत, आणि एवढं सगळं करून पुढच्या पट्ट्याच्या तोंडाशी बरोब्बर जागेवर आणि बरोब्बर कोनात पोचायचं. कोन महत्त्वाचा आहे हे लोक विसरतात. पिकात शिरताना मशीन ५ अंश तिरकं असेल आणि तसंच गेलं तर १० मीटरमध्ये ते जवळपास ८७ सेंटीमीटर बाजूला जातं, म्हणजे एक तर पिकाची पट्टी उभी राहते नाहीतर अर्धं हेडर रिकामं चालतं. त्यामुळे कुणी डेमोचा व्हिडिओ दाखवला आणि त्यात फक्त मधला सरळ भाग असेल, तर टोकाचा दाखवा म्हणायचं.

मोबाईलवालं साधं जीपीएस चालत नाही का?

नाही. मोकळ्या आभाळाखाली पण ते तीन ते पाच मीटर इकडेतिकडे असतं आणि लहान मशीनचं हेडरच दोन मीटरचं असतं. उपग्रहावरून दुरुस्ती मिळणारी पद्धत वापरली तर फरक साधारण मीटरच्या आत येतो, तोही पुरत नाही. म्हणून आरटीके लागतं. त्यात जवळपास एका पक्क्या जागेवर बेस स्टेशन असतं आणि ते मशीनला सतत दुरुस्ती पाठवतं, आणि मोजमाप होतं ते थेट रेडिओ लाटेवर, जिची लांबी १९ सेंटीमीटरच्या आसपास आहे. उपग्रहापासून मशीनपर्यंत अशा पूर्ण लाटा किती बसतात हे नक्की ठरलं की त्याला फिक्स म्हणतात आणि मग २-३ सेंटीमीटरची अचूकता मिळते, नाही ठरलं तर फ्लोट, आणि फ्लोटमध्ये जागा दहा-वीस सेंटीमीटर किंवा त्याहूनही जास्त सरकू शकते. वाईट भाग असा की स्क्रीनवर रेषा दोन्ही वेळा तितकीच छान दिसते, त्यामुळे स्टेटस बघायची सवय लावायची. बेस लांब गेलं की दर किलोमीटरमागे साधारण एक मिलिमीटर चूक वाढते, आणि फिक्स मिळायलाही उशीर लागतो, म्हणून १०-२० किलोमीटरच्या आत बेस असलेलं बरं.

पण कापणीला एवढी अचूकता हवीच कशाला, पेरणी थोडीच आहे?

चांगला प्रश्न आहे आणि थोडं खरंही आहे. कापणीत उभं पीक स्वतःच सांगतं की मी इथे आहे. पण हिशोब हेडरच्या रुंदीवर ठरतो. मशीन चुकेल या भीतीने आपण दर फेरीला शेजारच्या कापलेल्या पट्ट्यावर थोडं हेडर चढवून ठेवतो. समजा १० सेंटीमीटर. १२ मीटरच्या हेडरला हे एक टक्कासुद्धा नाही, पण २ मीटरच्या हेडरला ५ टक्के आहे, म्हणजे दर वीस फेऱ्यांमागे एक फेरी फुकट. छोट्या मशीनला अचूकता जास्त लागते, मोठ्याला कमी, लोकांना उलटं वाटतं. उसात तर वेगळीच गोष्ट, तिथे चाक किंवा ट्रॅक (चाकाऐवजी असतो तो रणगाड्यासारखा पट्टा) सरीतून चुकून बेटावर चढला तर खोडव्याचं नुकसान होतं, म्हणून तिथे सेंटीमीटर बघावेच लागतात.

हार्वेस्टरचं स्टिअरिंग मागच्या चाकांना असतं, त्याने काय फरक पडतो?

खूप पडतो, आणि ट्रॅक्टरचा कंट्रोलर (स्टिअरिंग किती फिरवायचं ते ठरवणारा भाग) उचलून हार्वेस्टरवर बसवणारे इथेच फसतात. फोर्कलिफ्ट चालवलेल्या माणसाला लगेच समजेल, डावीकडे वळायचं तर आधी शेपूट उजवीकडे बाहेर फेकलं जातं. पुढची मोठी चाकं फक्त ढकलतात, दिशा मागची छोटी चाकं देतात. यातली चांगली गोष्ट म्हणजे हेडर पुढच्या चाकांच्याही पुढे आहे, त्यामुळे स्टिअरिंग हललं की हेडर लगेच हव्या त्या बाजूला सरकायला लागतं. वाईट गोष्ट शेपटाची, बांधाला लागून, झाडाला लागून किंवा उभ्या पिकाच्या कडेने वळताना मागचा भाग कुठून जाणार हे मार्ग आखतानाच मोजलं पाहिजे, नुसती हेडरची रेषा आखून चालत नाही. आणि रिव्हर्स घेताना हे सगळं पुन्हा उलटं होतं, तेव्हा कंट्रोलरला वेगळी सेटिंग लागते.

अजून एक. पुढे जड हेडर लटकलेलं असतं, आणि टाकी भरत जाते तसं त्यातलंही बरंचसं वजन पुढच्याच चाकांवर पडतं. मागची चाकं त्या मानाने हलकी. ओल्या जमिनीत हलकं चाक वळवलं की ते वळण देण्याऐवजी आडवं घसरत माती खरवडत जातं आणि मशीन सरळच पुढे जातं. उतारावरून खाली जाताना ब्रेक लावला तर मागचं वजन अजून कमी होतं. म्हणून कागदावर वळायची त्रिज्या किती लिहिलीय यापेक्षा ओल्यात ती किती होते हे विचारा. समजा पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर ३.८ मीटर आहे आणि स्टिअरिंग ३० अंश फिरलंय, तर त्रिज्या साधारण ६.६ मीटर येते. घसरण्यामुळे तेच काम २५ अंशाइतकं झालं तर ८ मीटरच्या वर जाते. फक्त पाच अंशाचा फरक, पण टोकाला जागा तेवढी हवी ना.

आणि ट्रॅकवाल्या मशीनचं?

तिथे दिशा देणारी चाकंच नाहीत, दोन्ही ट्रॅकच्या वेगातल्या फरकाने मशीन वळतं. भाताच्या मऊ जमिनीत म्हणूनच ही मशीनं वापरतात, वजन पसरतं आणि रुतत नाही. पण वळणाचं गणित फार नाजूक आहे. उदाहरण घ्या, दोन ट्रॅकमध्ये १.२ मीटर अंतर, बाहेरचा ट्रॅक सेकंदाला १.२ मीटर आणि आतला ०.८ मीटर. हिशोबाने त्रिज्या ३ मीटर. आता बाहेरचा ट्रॅक चिखलात १५ टक्के घसरला, आतला नाही घसरला असं धरा, तर बाहेरचा खरा वेग १.०२ होतो आणि त्रिज्या जाते जवळपास ५ मीटरवर. पंधरा टक्के घसरण ही काही जगावेगळी गोष्ट नाही, ओल्या जमिनीत होतेच. म्हणजे ट्रॅकच्या फिरण्यावरून मशीन कुठे आहे हे काढणं वळणात जवळपास निरुपयोगी आहे. मशीन खरंच किती फिरतंय हे जायरोने (फिरण्याचा वेग मोजणाऱ्या सेन्सरने) मोजायचं, आपण सांगितलेल्या फिरण्याशी ते ताडून बघायचं, आणि जो फरक येतो तीच आजच्या जमिनीची घसरण समजायची. चांगल्या सिस्टीम हा आकडा चालता चालता शिकतात, सकाळची आणि दुपारची जमीन सारखी नसते.

वळण घ्यायचे प्रकार किती आणि कोणतं चांगलं?

मुख्य तीन-चार. शेजारच्या पट्ट्यात जायचं असेल आणि हेडर वळणाच्या व्यासाएवढं रुंद असेल तर सरळ यू आकाराचं वळण. बहुतेक वेळा ते बसत नाही, मग फुग्यासारखं वळण घ्यावं लागतं, आधी उलट्या बाजूला थोडं जाऊन मोठा गोल मारून परत यायचं, त्याला जागा जास्त लागते. जागा नसेल तर पुढे-मागे-पुढे असं रिव्हर्सवालं वळण, जागा वाचते पण वेळ जातो आणि जमीन जास्त तुडवली जाते. चौथा उपाय म्हणजे शेजारच्या पट्ट्यात जायचंच नाही. त्रिज्या ४ मीटर आणि हेडर २ मीटर असेल तर मध्ये तीन पट्टे सोडून चौथ्यात शिरायचं, ८ मीटरचं साधं यू वळण बसतं, रिव्हर्स नाही काही नाही. राहिलेले पट्टे नंतर येताना घ्यायचे. माणसाला हा क्रम डोक्यात ठेवणं अवघड, कॉम्प्युटरला सोपं, म्हणून माझ्या मते आपोआप चालणाऱ्या मशीनचा खरा फायदा सरळ चालण्यात नाही तर या क्रम लावण्यात आहे.

गणितवाल्यांनी सगळ्यात छोटा रस्ता केव्हाच काढून ठेवलाय, फक्त पुढे जाणाऱ्या गाडीसाठी डुबिन्सने १९५७ मध्ये आणि रिव्हर्स धरून रीड्स आणि शेप यांनी १९९० मध्ये. पण हे रस्ते सरळ रेषा आणि गोलाचे तुकडे जोडून बनतात, आणि जोडाच्या जागी स्टिअरिंग क्षणात शून्यावरून पूर्ण फिरलं पाहिजे असं गृहीत धरतात. हायड्रॉलिक स्टिअरिंगला तेवढं फिरायला दोन-तीन सेकंद लागतात, मशीन सेकंदाला १ मीटरने चालत असलं तरी तोपर्यंत ते दोन-तीन मीटर पुढे निघून गेलेलं असतं. म्हणून वळणाच्या सुरुवातीला आणि शेवटी हळूहळू वाढत जाणारी वक्ररेषा घालतात, रेल्वेचे रूळ वळवताना घालतात तीच. हे नसेल तर मशीन दर वळणाला एकाच बाजूला चुकतं, आणि मालक बिचारा जीपीएसला दोष देत बसतो.

चिखलात वळण बिघडू नये म्हणून काय करता येतं?

पहिला उपाय, वाफसा नसेल तर जाऊच नये, पण पाऊस तोंडावर असतो आणि पीक थांबत नाही, तेव्हा जावं लागतं हे मान्य. मग त्रिज्या मोठी ठेवायची. जागच्या जागी गर्रकन फिरणं ट्रॅकवाल्या मशीनला जमतं म्हणून करायचं नाही, ट्रॅक बाजूला मातीचा ढीग ढकलतो आणि मशीन त्यातच बसतं. वेग कमी पण एकसारखा ठेवायचा, वळणाच्या मध्ये थांबून परत निघालं की घसरण सगळ्यात जास्त. आणि टोकाच्या पट्टीत प्रत्येक वळण बरोबर त्याच जागी घेऊ नये. आपोआप चालणारं मशीन इतकं अचूक असतं की ते त्याच रेषेवर परत परत जातं आणि खोल चाकोरी पाडतं, मग चाक चाकोरीत पडलं की स्टिअरिंग काहीही सांगो, मशीन चाकोरीचंच ऐकतं. मार्ग मुद्दाम अर्धा-पाऊण मीटर इकडेतिकडे पसरवायची सोय असेल तर चालू ठेवा.

कंट्रोलर कोणता वापरतात?

सगळ्यात साधा प्युअर परस्यूट, म्हणजे रस्त्यावर थोडं पुढचं एक टिंब धरायचं आणि त्या टिंबाकडे जाणारा गोल काढायचा. टिंब फार जवळ घेतलं तर मशीन सापासारखं नागमोडी चालतं, फार लांब घेतलं तर वळण आतून कापतं. दुसरा स्टॅनलेवाला, स्टॅनफर्डच्या ज्या गाडीने २००५ ची डार्पाची (अमेरिकी लष्कराच्या संशोधन संस्थेची) वाळवंटातली बिनड्रायव्हर गाड्यांची शर्यत जिंकली तिच्यात हा होता, त्यात बाजूची चूक आणि कोनाची चूक दोन्ही धरतात. तिसरा एमपीसी, तो पुढचे काही सेकंद आधीच गणिताने चालवून बघतो आणि स्टिअरिंगच्या मर्यादा धरून निर्णय घेतो, चिखलात त्याचा फायदा होतो पण मशीनचं मॉडेल बरोबर लागतं.

यावर लोक खूप भांडतात. खरं सांगायचं तर कंट्रोलर कोणता यापेक्षा उशीर किती आहे हे आधी मोजा. सेन्सर ते स्टिअरिंगचा हायड्रॉलिक व्हॉल्व्ह सगळा मिळून ०.२ सेकंदाचा उशीर असेल आणि मशीन सेकंदाला १.५ मीटरने जात असेल तर कंट्रोलर ३० सेंटीमीटर जुन्या जागेवर निर्णय घेतोय. व्हॉल्व्हमध्ये थोडी मोकळी जागा असते, तेवढा सिग्नल देऊनही काहीच हलत नाही, ती मोजून भरून काढली नाही तर भारीतला भारी अल्गोरिदम पण डुलत चालतो. आणि साठत जाणाऱ्या चुकीचा हिशोब ठेवणारा भाग असेल तर तो पूर्ण वळणात बंद ठेवा, नाहीतर स्टिअरिंग टोकाला अडकलेलं असताना चूक साठत राहते आणि पिकात शिरल्या शिरल्या मशीन दुसऱ्या बाजूला झेपावतं.

उतारावर रेषा सरकते, जीपीएस तर फिक्स दाखवतंय, असं का?

अँटेना वर केबिनच्या छतावर आहे म्हणून. जमिनीपासून ३.५ मीटरवर अँटेना आणि मशीन ५ अंश कललं तर अँटेना सुमारे ३० सेंटीमीटर बाजूला जाते, चाकं होती तिथेच असतात. जीपीएस खरं बोलतंय पण छताबद्दल बोलतंय. मशीनचा कल आणि हालचाल मोजणारं आयएमयू (सेन्सरचा डबा) लागतं आणि ते सपाट जागेवर नीट शून्य केलेलं लागतं, पहिली शंका नेहमी तिथेच घ्या.

एक अँटेना की दोन?

वळणाचा विचार असेल तर दोन. एका अँटेनाने दिशा कळते ती चालल्यावर, हळू वेगात ती डळमळते, आणि मशीन पुढे जातंय की मागे हेही तिला आपलं आपण कळत नाही. दोन असल्या की उभं असतानाही तोंड कुठे आहे ते समजतं.

झाडाखाली किंवा सिग्नल गेल्यावर काय होतं?

आयएमयू काही सेकंद सांभाळून घेतं, चांगलं असेल तर सरळ पट्ट्यात कळतही नाही. वळणात मात्र चूक भराभर वाढते. माझं मत स्पष्ट आहे, सरळ पट्ट्यात पिकाची कड दिसत असेल तर हळू चालू द्यावं, वळणात सिग्नल गेला तर थांबावं, बस. झाडांची कड असेल तर वळणाची बाजूच बदलता येते का बघा. आणि कधीकधी दोष झाडाचाही नसतो, मे २०२४ च्या मोठ्या सौर वादळात अमेरिकेत ऐन पेरणीच्या वेळी आरटीकेवर चालणारी मशीनं गोंधळली होती. विषुववृत्ताच्या जवळच्या भागात सूर्यास्तानंतर वरच्या वातावरणामुळे सिग्नल थरथरतो, तिथे रात्रीची कापणी ठरवताना हे लक्षात ठेवायचं.

मग कॅमेऱ्यानेच पिकाची कड बघून का चालवत नाहीत?

चालवतात, आणि हे नवीन पण नाही. कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या डेमिटर प्रकल्पात १९९० च्या दशकातच चारा कापणारं मशीन कापलेल्या आणि उभ्या पिकातली कड कॅमेऱ्याने ओळखून चालत होतं. लेझरने उंचीतला फरक बघूनही कड सापडते, क्लास या जर्मन कंपनीच्या हार्वेस्टरवर असा सेन्सर बऱ्याच वर्षांपासून येतो. मक्यात तर हेडरमध्येच स्पर्शाच्या काड्या बसवतात, त्या ताटांना घासत जातात आणि ओळ सांगतात, धूळ असो रात्र असो काही फरक पडत नाही. मला ही पद्धत फार आवडते, गरिबीतली पण खात्रीची.

अडचण अशी की हार्वेस्टर स्वतःच धुळीचा ढग तयार करतं. वारा मागून असला की तो ढग पुढे येतो, कॅमेरा आंधळा आणि लेझरला धूळच भिंत वाटते. संध्याकाळी मशीनची स्वतःची सावली कडेवर पडते आणि ती कड म्हणून धरली जाते. रडारला धुळीचा त्रास कमी पण त्याला बारीक दिसत नाही. शिवाय वळणात, जिथे खरी गरज असते तिथे, कॅमेऱ्यासमोर पीकच नसतं. म्हणून वळण जीपीएस आणि आयएमयूवर घ्यायचं आणि पिकात शिरताना शेवटचे काही मीटर कड बघून सुधारायचे, ही वाटणी सगळ्यात नीट चालते.

पीक लोळलेलं असेल तर?

तेव्हा मार्ग पिकाच्या कलाप्रमाणे आखावा लागतो. पडलेल्या पिकात शक्यतो कलाच्या विरुद्ध बाजूने किंवा तिरकं शिरतात, म्हणजे लोंब्या हेडरला उचलता येतात. याचा अर्थ कधीकधी एकाच दिशेने कापायचं आणि रिकामं परत यायचं. सगळ्यात छोटा रस्ता शोधणारं सॉफ्टवेअर हे स्वतःहून करत नाही, दिशा हाताने द्यावी लागते. कड ओळखणारे सेन्सर पण इथे फसतात कारण उंचीतला फरकच राहत नाही.

वळताना इंजिनचा स्पीड पण कमी करायचा का?

नाही! चालायचा वेग कमी, इंजिन नाही. आत मळणी चालू असते, आलेला माल बाहेर पडायचा असतो.

छोट्या शेतात फायदा आहे का?

वळणाचा वेळ काढून बघा. वेग सेकंदाला १ मीटर, वळणाला २५ सेकंद. ५० मीटरचा पट्टा असेल तर एक तृतीयांश वेळ नुसता वळण्यात जातो, २०० मीटरचा असेल तर साधारण ११ टक्के. म्हणजे छोट्या शेतात वळण सुधारलं तर फायदा जास्त, पण टोकाला जागाही कमी. कडेच्या दोन-तीन फेऱ्या बहुतेक ठिकाणी आधी माणूसच मारतो, त्यातूनच शेताची हद्द रेकॉर्ड होते आणि वळायला जागा पण मोकळी होते. वेडावाकडा कोपरा असेल तर तो माणसाकडेच ठेवा.

माणूस किंवा जनावर मध्ये आलं तर थांबतं का?

थांबायला किती जागा लागते ते सोपं गणित आहे, सेकंदाला १.५ मीटर वेग, ओळखून ब्रेक लागायला अर्धा सेकंद, बऱ्यापैकी ब्रेक, तर साधारण १.३ मीटर. हे काही फार नाही. कठीण आहे ते दिसणं. उभ्या पिकात बसलेलं माणूस किंवा झोपलेलं जनावर कॅमेऱ्याला दिसत नाही, उष्णता बघणारा कॅमेरा मदत करतो पण तापलेल्या दुपारी त्यालाही फरक कळत नाही. आपोआप चालणाऱ्या शेती यंत्रांच्या सुरक्षेसाठी आयएसओ १८४९७ हे मानक आहे, मशीन त्यात बसतं का हे विचारायचं. आणि मागचं शेपूट विसरू नका, पुढे सगळे सेन्सर आणि वळताना माणसाला लागतो तो मागचा कोपरा.

पूर्ण बिनमाणसाचं हार्वेस्टर कुठे चाललंय का?

हो. इंग्लंडमध्ये हार्पर ॲडम्स विद्यापीठाच्या हँड्स फ्री हेक्टर प्रकल्पात २०१७ मध्ये पेरणीपासून कापणीपर्यंत शेतात माणूस न उतरता बार्लीचं पीक काढलं, छोटं जुनं हार्वेस्टर आणि ड्रोनसाठी बनलेलं ऑटोपायलट वापरून. जपानमध्ये कुबोटा कंपनीने आधी माणूस बसलेला असताना आपोआप चालणारं आणि नंतर बिनमाणसाचं भात-गव्हाचं कम्बाइन बाजारात आणलं.

नवीन सिस्टीम घेतली तर शेतात तपासायची कशी?

आधी कोरड्या शेतात, मग ओल्यात. टाकी रिकामी असताना आणि भरलेली असताना वेगवेगळं. डावीकडची वळणं आणि उजवीकडची वळणं वेगळी मोजा, फरक आला तर सेन्सरचं शून्य किंवा व्हॉल्व्ह बघा. वळणाचा आकार सुंदर आहे का ते सोडा, पिकात शिरल्यावर पहिल्या पाच मीटरमध्ये बाजूला किती चुकलं आणि तोंड किती तिरकं होतं हे दोनच आकडे लिहून ठेवा. एखादं वळण छान येईलच, त्यावर जाऊ नका, पंचवीस-तीस वळणांतलं सगळ्यात वाईट कुठलं ते बघा, आणि ते नेमकं कुठे झालं, झाडाजवळ, उतारावर की जुन्या चाकोरीत, ते पण शेजारी लिहा.